पायाची नाडी आणि रोबोटचा हात

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या गावातील एक निवृत्त गुरुजी वर्तमानपत्राची घडी घेऊन दवाखान्यात आले. घडी उलगडून त्यांनी एका जाहिरातीवर बोट ठेवले आणि म्हणाले, "डॉक्टर, हे रोबोटचे ऑपरेशन माझ्या पायाला चालेल का? पुतण्या म्हणतो, पुण्याला जाऊ. रोबोटचा हात थरथरत नाही, त्याची चूक होत नाही. अर्धा एकर काढावे लागले तरी हरकत नाही म्हणतो."

मी जाहिरात वाचली. ती गुडघा बदलण्याची होती. गुरुजींचा गुडघा अगदी ठणठणीत होता. दुखत होती ती पोटरी. घरापासून मारुतीच्या देवळापर्यंत गेले की पोटरीत पेटका येई, दोन-तीन मिनिटे उभे राहिले की दुखणे जाई, आणि पुन्हा तेवढेच अंतर चालले की पुन्हा पेटका. वय अडुसष्ट, मधुमेह बारा वर्षांचा, आणि शाळेतून निवृत्त झाले तरी बिडीतून मात्र निवृत्त झालेले नव्हते.

मी त्यांना टेबलावर झोपवले व दोन्ही पावलांवर बोटे ठेवली. उजव्या पायाची नाडी लागली. डाव्या पायाची लागेना, ना पावलाच्या पाठीवर, ना आतल्या घोट्याच्या मागे. दंडाचा रक्तदाब १५० आणि डाव्या घोट्याचा ९५ भरला. घोट्याच्या आकड्याला दंडाच्या आकड्याने भागायचे. उत्तर ०.६३ आले. ते साधारण १ च्या आसपास असावे लागते. ०.९ च्या खाली आले, की पायाला रक्त नेणारी वाहिनी कोठेतरी अरुंद झाली आहे असे समजावे. (जुन्या मधुमेहात वाहिन्या चुन्याने कडक होतात आणि हा आकडा खोटाच मोठा येतो, म्हणून केवळ आकड्यावर विसंबू नये.)

गुरुजींच्या पायाचे पुढे काय झाले ते सांगतोच. परंतु त्यांचा प्रश्न चुकीच्या जाहिरातीवरून आला असला तरी मुळात अगदीच चुकीचा नव्हता. रक्तवाहिन्यांसाठी रोबोट खरोखरच बनले आहेत, माणसांवर वापरलेही गेले आहेत. ते काय करतात आणि काय करत नाहीत, हे समजून घ्यायचे तर रक्तवाहिनी न कापता आतून उघडण्याची विद्या आली कशी, इथून सुरुवात करावी लागेल.

नव्या घराच्या भिंतीत पाइप टाकलेले असतात. त्यातून वायर न्यायची तर इलेक्ट्रिशियन आधी एक बारीक कडक तार पाइपात घालतो, ती पलीकडे निघाली की तिच्या आधाराने बाकीचे नेतो. स्टॉकहोमचे डॉ. सेल्डिंगर यांनी १९५३ साली वैद्यकाला दिलेली युक्ती जवळजवळ हीच आहे. जांघेतील रोहिणीत पोकळ सुई टोचायची, सुईतून तार आत सरकवायची, सुई काढून घ्यायची आणि तारेवरून कॅथेटर म्हणजे बारीक नळी आत न्यायची. कापणे नाही, टाके नाहीत. आजही जगभर कोणत्याही कॅथलॅबमध्ये पहिली पाच मिनिटे हेच चालते.

त्यावेळी ही नळी फक्त पाहण्यासाठी होती. औषध सोडायचे आणि क्ष-किरणांत वाहिनीचे चित्र घ्यायचे. अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर नावाचे एक क्ष-किरणतज्ज्ञ होते. मोठे खटपटे गृहस्थ. तार अडथळ्यापलीकडे जातेच आहे तर तिच्यावरून जाड नळी रेटून अडथळाच का उघडू नये, असे त्यांना वाटे. शल्यचिकित्सकांना हा आगाऊपणा वाटे. एका शल्यचिकित्सकाने तर रुग्ण पाठवताना चिठ्ठीवर लिहिले होते की नुसते बघा, दुरुस्त करायला जाऊ नका. जानेवारी १९६४ मध्ये ऐंशी ओलांडलेली एक बाई त्यांच्याकडे आली. पायाची बोटे काळी पडलेली, पाय कापायचा सल्ला मिळालेला, आणि बाईंनी त्याला साफ नकार दिलेला. डॉटर यांनी मांडीतील अरुंद रोहिणीतून तार घातली, तिच्यावरून निमुळत्या नळ्या सरकवल्या आणि वाट मोकळी केली. थंड पाय गरम झाला. ती बाई पुढे जगली तोपर्यंत आपल्या दोन्ही पायांवर चालली.

त्यानंतर १९७७ मध्ये झ्युरिच येथे डॉ. ग्रुंटझिग यांनी नळीच्या टोकाला इवलासा फुगा लावून हृदयाची रोहिणी उघडली. फुगे बनवण्याचे त्यांचे प्रयोग घरच्या स्वयंपाकघरातील टेबलावर चालत. १९९० मध्ये ब्युनॉस आयर्स येथे डॉ. पारोदी यांनी पोटातील फुगलेल्या महारोहिणीत जांघेतूनच कापडाची नळी बसवली. पोट उघडण्याची गरज राहिली नाही. आपल्याकडे 'अँजिओप्लास्टी' हा शब्द आता पानटपरीवरही ऐकू येतो, त्यामागे ही सारी माणसे आहेत.

आता यात कठीण काय? तार जेमतेम अर्धा-एक मिलिमीटर जाडीची. मांडीतील रोहिणी पाच-सहा मिलिमीटरची, पोटरीतली त्याहून बारीक. डॉक्टरचा हात जांघेशी आणि तारेचे टोक दोन-अडीच फूट आत. पायजम्याच्या नेफ्यात नाडी ओवताना आपण एका टोकाने रेटतो, पिन आत कोठे अडली हे बोटाला कळते, तसेच हे. फरक इतकाच की नेफा फाटला तर शिवता येतो. तार वाहिनीच्या भिंतीत शिरली, चुन्याचा कण सुटून पुढे जाऊन अडकला, तर काम वाढते. डॉक्टर बोटांनी तार पुढे-मागे करतो, चिमटीत फिरवतो आणि डोळे समोरच्या पडद्यावर ठेवतो.

पडद्यावर दिसावे म्हणून क्ष-किरण सतत चालू-बंद होत असतात. रुग्णाच्या वाट्याला ते एकदा येतात. डॉक्टरच्या वाट्याला रोज. रुग्णाच्या अंगावरून विखुरलेले किरण शेजारी उभ्या असलेल्यांना लागतात, म्हणून ही मंडळी पाच-सात किलोचा शिशाचा एप्रन चढवून तासन्‌तास उभी राहतात. कंबर आणि मान जाते. डोळ्यांत मोतिबिंदूसारखी सुरुवात लवकर दिसू लागते. माझा एक वर्गमित्र हृदयरोगतज्ज्ञ आहे. दरवर्षी भेटीत मी त्याला माझ्या दवाखान्यातल्या गर्दीची तक्रार सांगतो आणि तो मला त्याच्या मणक्याची.

रोबोटचा जन्म इथे आहे, ही गोष्ट जाहिरातींत सहसा येत नाही. आपल्याला वाटते, यंत्र रुग्णासाठी बनले. हे यंत्र बऱ्याच अंशी डॉक्टरला किरणांपासून दूर बसवण्यासाठी बनले.

रोबोट म्हणताच डोळ्यांसमोर सिनेमातला लोखंडी माणूस येतो. तसे काही नसते. रुग्णाच्या टेबलाला एक यांत्रिक हात बसवलेला असतो, त्याच्या टोकाला एक डबी. तार आणि नळी या डबीतील छोट्या चाकांतून जाते. चाके फिरली की तार पुढे सरकते, मागे येते, स्वतःभोवती फिरते. डॉक्टर त्याच खोलीच्या कोपऱ्यात शिशाच्या आडोशामागे, एप्रन न घालता, खुर्चीवर बसतो. समोर मोठा पडदा आणि हाताशी मुलांच्या व्हिडिओ गेमला असतात तशा दांड्या. दांडी ढकलली की तार सरकते. एक-एक मिलिमीटरही सरकवता येते, म्हणून अरुंद भाग किती लांबीचा आहे हे मोजून नेमक्या मापाचा स्टेंट निवडायला मदत होते. सोडली की तार जिथे आहे तिथेच थांबते. यंत्र स्वतः काहीही ठरवत नाही. दांडीवरचा हात अनाडी असेल तर चाकेही अनाडीच फिरणार. पुतण्याला हे नीट समजावून सांगायला मला दहा मिनिटे लागली.

अमेरिकेत २०१२ मध्ये अशा एका यंत्राला हृदयाच्या रोहिण्यांसाठी सरकारी परवानगी मिळाली. कॉरपाथ हे त्याचे नाव. त्याआधी नऊ केंद्रांत १६४ रुग्णांवर त्याची चाचणी झाली होती. त्यातील बहुतेक सर्व रुग्णांत, शेकडा अठ्ठ्याण्णवहून अधिक, काम यंत्राने तडीस गेले. बसून काम करणाऱ्या डॉक्टरला लागणारे किरण टेबलाशी मोजलेल्या किरणांपेक्षा ९५ टक्क्यांनी कमी भरले. पायांच्या रोहिण्यांसाठी याच यंत्राला २०१८ मध्ये परवानगी मिळाली. मॅगेलन नावाचे दुसरे एक यंत्रही २०१२ च्याच सुमारास पायांच्या व इतर वाहिन्यांसाठी आले होते. त्यात नळीचे टोकच आतल्या आत वळवता येई. शिवाय पोटाला छोटी भोके पाडून, दुर्बिणीतून महारोहिणीचा बायपास करणारे अनेक हातांचे रोबोटही काही मोजक्या ठिकाणी वापरले गेले आहेत. पण ती शस्त्रक्रियेचीच वेगळी जात झाली. तारेच्या रोबोटशी तिची गल्लत करू नये.

आता चाचणीतील आकडे पुन्हा वाचा. डॉक्टरला किरण कमी लागले, हे सिद्ध झाले. हाताने केलेल्या अँजिओप्लास्टीपेक्षा रोबोटने केलेल्या अँजिओप्लास्टीत रुग्णाचा पाय जास्त दिवस टिकतो, असे काही त्या चाचणीने दाखवलेले नाही. ती त्यासाठी नव्हतीच. उलट काही गोष्टी रोबोटला जमत नाहीत. जांघेत सुई टोचण्याचे काम माणसालाच करावे लागते. तार अडली की बोटाला जो प्रतिकार जाणवतो तो दांडीला तितका जाणवत नाही, डोळ्यांवरच भिस्त ठेवावी लागते. जास्त कडक, पूर्ण बंद वाहिनी असली किंवा मध्येच रक्तस्राव झाला तर यंत्र बाजूला सारून डॉक्टर एप्रन चढवतो आणि हाताने काम पुरे करतो. म्हणजे रोबोट चालवणारा डॉक्टर आधी हाताने उत्तम काम करणारा असावाच लागतो. प्रत्येक रुग्णाला ती डबी नवी लागते, आणि तिचे पैसे कोणाच्या तरी बिलात जातातच.

आपल्या शेजारच्या राज्यात या यंत्राने एक मोठा पराक्रमही केला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये अहमदाबादचे डॉ. तेजस पटेल गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिराच्या आवारात बसले आणि सुमारे ३२ किलोमीटरवरील आपल्या रुग्णालयातील पाच रुग्णांच्या हृदयाच्या रोहिण्या त्यांनी तेथून दांडी हलवून उघडल्या. पाचही यशस्वी झाल्या. अर्थात रुग्णाजवळ डॉक्टरांचा संच तयार उभा होता. नोव्हेंबर २०१९ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे मेंदूतील फुगलेल्या रोहिणीवर रोबोटच्या मदतीने उपचार झाले.

हे वाचून आमच्यासारख्या तालुक्याच्या डॉक्टरांच्या मनात काय येते ते सांगतो. अर्धांगाचा झटका आलेला माणूस आम्ही रुग्णवाहिकेत घालतो तेव्हा आमचा एक डोळा घड्याळावर असतो. गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या वाहिनीतील गुठळी तारेने ओढून काढायची तर बहुधा सहा तासांच्या आत, निवडक रुग्णांत चोवीस तासांपर्यंत. ते काम करणारे हात मोठ्या शहरांत आहेत. त्यातले काही तास घाटात आणि रेल्वे फाटकावर जातात. शहरातल्या तज्ज्ञाने तिथूनच दांडी हलवावी आणि आपल्या जिल्ह्याच्या टेबलावरची गुठळी निघावी, हे स्वप्न कोणाला पडणार नाही? पण त्यासाठी जिल्ह्यात कॅथलॅब हवी, सुई टोचणारा व वेळ आली तर हात घालणारा माणूस हवा, आणि वीज व तारायंत्रणा न तुटणारी हवी. आमच्याकडे श्रावणात झाडाची फांदी पडली तरी फोन बंद होतो. रोबोट हा शेवटचा मजला आहे, खालचे मजले आधी बांधावे लागतील.

आणि बाजाराचेही ऐका. कॉरपाथ बनवणारी कंपनी २०१९ मध्ये एका बड्या जर्मन कंपनीने शंभर कोटी डॉलरहून अधिक मोजून विकत घेतली. त्याच कंपनीने २०२३ मध्ये हृदयासाठीच्या रोबोटचा व्यवसाय थांबवून मेंदूच्या वाहिन्यांकडे वळण्याचे जाहीर केले. मॅगेलनची कंपनी त्याआधीच, २०१६ मध्ये, दुसऱ्या कंपनीत विलीन झाली होती. यंत्र वाईट होते असे नव्हे. पण चांगल्या हातापेक्षा ते रुग्णाला ठळकपणे अधिक काय देते, याचे उत्तर अजून पुरते मिळालेले नाही. नवीन यंत्रे येत आहेत, येतील. उद्या कोणी तुम्हाला रक्तवाहिनीसाठी रोबोट सुचवलाच तर घाबरू नका आणि हुरळूनही जाऊ नका. दांडीवर कोण बसणार, त्यांनी हाताने अशी किती कामे केली आहेत, माझ्या याच अडथळ्यात रोबोटने काय वेगळे होईल, यंत्र अडले तर पुढे कोण सांभाळील आणि जादा खर्च किती, एवढे सरळ विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

आता एक गोष्ट सांगायची आहे. ती सांगताना मला आजही बरे वाटत नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एक शेतकरी माझ्याकडे पोटरी दुखते म्हणून यायचे. मी त्यांना 'कंबरेत नस दबली आहे' असे सांगून गोळ्या आणि जीवनसत्त्वाची इंजेक्शने देत राहिलो. चार महिने. आपल्या भाषेत नस, शीर, नाडी हे सगळे शब्द एकमेकांत मिसळलेले आहेत, लोकांच्या तोंडी आणि कधीकधी डॉक्टरांच्या डोक्यातही. त्यांच्या पावलावर मी एकदाही बोट ठेवले नाही. अंगठ्याला नांगराचा फाळ लागला, जखम भरेना, अंगठा काळा पडला. शहरात पोहोचेपर्यंत अँजिओप्लास्टीची वेळ टळून गेली होती. पाय गुडघ्याखाली कापावा लागला. कोणता रोबोट त्यांना वाचवणार होता? दवाखान्यात माझी दोन बोटे होती आणि मी ती वापरली नाहीत. तेव्हापासून पाय दुखणाऱ्या प्रत्येकाची चप्पल मी काढायला लावतो.

तुम्हीही ओळखू शकता. मणक्यामुळे दुखणारा पाय नुसते उभे राहून थांबत नाही, बसावे लागते किंवा पुढे वाकावे लागते. रक्त कमी पडल्याने दुखणारी पोटरी जागेवर उभे राहिले तरी काही मिनिटांत निवते, आणि ठराविक अंतरानेच पुन्हा धरते. पावलाच्या पाठीवर, अंगठ्याच्या शिरेच्या बाहेरच्या बाजूला बोटे हलकी ठेवून नाडी पाहा. काही निरोगी माणसांतही ती तिथे जन्मतः लागत नाही, म्हणून आतल्या घोट्यामागेही पाहा. मधुमेही आणि तंबाखू-बिडीवाल्यांनी तर वर्षातून एकदा डॉक्टरांकडून हे करवून घ्यावेच. रात्री पाय दुखून झोपमोड होते, खाटेखाली लोंबकळत सोडला की बरे वाटते, बोटाची जखम दोन आठवड्यांत भरत नाही किंवा बोट काळवंडते आहे, अशा वेळी चालण्याचे प्रयोग करत बसू नये, त्याच आठवड्यात रक्तवाहिनीच्या तज्ज्ञाला दाखवावे. आणि पाय एकाएकी थंडगार, पांढराफटक, बधिर झाला तर तो त्याच घटकेला न्यावा. हाताशी साधारण सहा तास असतात. गरम पाण्याचा शेक, तेल-मालिश, 'सकाळी बघू' यात ते जातात. बधिर पायाला शेकाने भाजल्याचेही कळत नाही.

गुरुजींना यातले शेवटचे काहीच नव्हते. जखम नव्हती, रात्रीचे दुखणे नव्हते. जिल्ह्याच्या ठिकाणी डॉपलर तपासणी केली, मांडीतील रोहिणी एका जागी अरुंद निघाली. तेथील शल्यचिकित्सकांनी पाहिले आणि सांगितले की तूर्त ना फुगा, ना स्टेंट, ना रोबोट. बिडी बंद. रक्त पातळ ठेवणारी आणि चरबीची गोळी रोज. साखर ताब्यात. आणि चालणे. पेटका येईपर्यंत चालायचे, जाईपर्यंत थांबायचे, पुन्हा चालायचे, असे आठवड्यातून किमान तीन दिवस, अर्धा-पाऊण तास, तीन महिने. दुखते तेव्हा विश्रांती घ्यावी असे आपल्याला शिकवले जाते, म्हणून हा उपचार लोकांना पटत नाही. पण या चालण्याने स्नायू कमी रक्तात भागवायला शिकतात आणि चालण्याचे अंतर वाढते, हे अनेक अभ्यासांत दिसलेले आहे.

पुतण्या जरा नाराज झाला. एवढ्या लांब येऊन डॉक्टरांनी चालायला सांगितले! बिडी मात्र एका दिवसात सुटली नाही. दोनदा सुटून पुन्हा लागली, तिसऱ्यांदा गुरुजींच्या सौभाग्यवतींनी काडेपेट्या देवघरात कुलपात ठेवल्या. परवा गुरुजी आले ते चालतच आले. मारुतीच्या देवळाशी आता थांबावे लागत नाही, पोस्टाच्या पायरीशी लागते. घोट्याचा आकडा फारसा बदललेला नाही, ०.६६ भरला. अर्धा एकर जागेवर आहे. पुढे वाहिनी आणखी आवळली तर फुग्याची वेळ येईलही. ते त्यांना ठाऊक आहे आणि दर तीन महिन्यांनी ते चप्पल काढून टेबलावर बसतात.

(पुढील आठवड्यात : पायांच्या नीला फुगतात तेव्हा)